गोडादऱ्यातली दिवसाची झोप

मे महिन्यात सुरतला जाते आहे म्हटल्यावर कोल्हापुरात मला सगळ्यांनी एकच विचारलं, साड्या आणायला का? एका शेजारणीने तर रंगही सांगून ठेवला. मी निघाले होते एक लहानशी इमारत बांधायच्या कामाला, पण ते कुणाला पटेना. इथे काय कमी कामं आहेत, असं आमच्या घरीही म्हणणं पडलं.

काम आणलं होतं हर्षदाने. ही माझी जुनी विद्यार्थिनी. मी कोल्हापुरात आर्किटेक्चर शिकवते आणि जमेल तशी घरं बांधते. हर्षदा पाच वर्षं माझ्या हाताखाली शिकली आणि परत सुरतला जाऊन नोकरीला लागली. तिचे आईवडील मूळचे पारोळ्याजवळच्या एका खेड्यातले, लग्नानंतर लगेच लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कामाला सुरतला आलेले. सुरतच्या गोडादरा भागात त्यांच्या गल्लीत खानदेशी मंडळींचं एक मंडळ आहे. मंडळाच्या मालकीचा एक अरुंद प्लॉट आणि त्यावर पत्र्याची जुनी खोली. ती पाडून तिथे लग्नाच्या हॉलसह दोन मजली इमारत करायची होती. हर्षदाचा फोन आला, "मॅडम, मंडळाला काचेची इमारत पाहिजे. ती झाली तर उन्हाळ्यात आत कुणी बसू शकणार नाही. माझं कुणी ऐकत नाही, मी यांच्यासाठी पोरच आहे. तुम्ही या."

मी नकाशा मागवला, फोटो मागवले आणि कोल्हापुरात बसूनच आराखडा काढला. सुरत समुद्राजवळ, उन्हाळ्यात वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येणार, म्हणून पश्चिमेला मोठाल्या खिडक्या, मध्ये चौक, सगळीकडे भरपूर उजेड. आराखडा मला स्वतःला फार आवडला होता. तो गुंडाळून नळकांड्यात घातला आणि सकाळी सुरतच्या उधना स्टेशनवर उतरले.

लीलाबाईंच्या घरी

हर्षदाचं घर म्हणजे बारा फूट रुंद आणि चाळीस फूट खोल अशी एक पट्टी. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना चिकटलेल्या. खाली दोन खोल्या, वर दोन, आणि गच्चीवर पत्रा टाकून केलेली आणखी एक. अशा पट्ट्या गल्लीच्या दोन्ही अंगांना ओळीने उभ्या आहेत. आमच्याकडे घर म्हटलं की आधी अंगण आठवतं. इथे अंगण नाही, पण प्रत्येक दारापुढे हातभर उंच ओटा आहे आणि सगळा संसार त्या ओट्यावर येऊन बसतो. भाजी तिथेच निवडली जाते, साड्यांना लेस आणि टिकल्या तिथेच लावल्या जातात.

हर्षदाची आई लीलाबाई यांनी मला बघताच जवळ ओढलं आणि अहिराणीत काहीतरी भराभर विचारलं. मला त्यातलं जेवण एवढंच कळलं. मी मान हलवली आणि पुढे कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि तेल आलं. कोल्हापूरची म्हणून मी तिखटाचा फार तोरा मिरवते. तो ठेचा खाऊन दुसऱ्या घासाला गप्प झाले. हर्षदा आईशी अहिराणीत, माझ्याशी पुस्तकी मराठीत आणि दारावर आलेल्या भाजीवाल्याशी गुजरातीत बोलत होती, तेही एकाच दमात. तिच्या धाकट्या चुलतबहिणी तर आपसात गुजरातीच बोलतात. लीलाबाईंना त्याचं वाईट वाटत नाही. पोरी इथल्या झाल्या, एवढंच त्या म्हणतात.

दुपारी एकच्या सुमाराला मी गच्चीवर जाऊन प्लॉट बघावा म्हणून जिना चढायला लागले. पहिल्या वळणावर कुणीतरी झोपलं होतं. भिंतीशी अंग चोरून, ओली चादर पांघरून. मी दचकून मागे झाले. ते हर्षदाचे वडील, हिरामणभाऊ. रातपाळी करून सकाळी आले होते. त्यांची खोली वर पत्र्याखाली, पण तिथे दुपारी कुणाला टिकता येत नाही, म्हणून ते जिन्यात झोपतात. घरातली माणसं त्यांच्या पायांवरून अलगद पाय टाकून वरखाली करतात. मीही तशीच गेले.

गच्चीवर पोचल्यावर तोल सावरायला लोखंडी कठडा धरला आणि तळहात भाजला. खाली आल्यावर लीलाबाईंनी त्यावर टूथपेस्ट चोपडली. पुढचे दोन दिवस मी डाव्या हाताने जेवले आणि सगळ्या गल्लीला ते ठाऊक झालं. त्यामुळे एक फायदा झाला. ओळख करून द्यावी लागली नाही. भाजलेल्या हाताची ताई म्हणून लोक मला आपणहून बोलवायला लागले.

माझ्या वाऱ्याचं काय झालं

दुसऱ्या दिवशी मी आणि हर्षदा प्लॉटवर गेलो. उत्तरेला गल्ली. पूर्वेला एक तीन मजली घर, आणि ते घर व आमची पत्र्याची खोली यांच्यामध्ये चार फुटांचा बोळ. दक्षिणेला थोडं मोकळं रान आणि पलीकडे खाडी. पश्चिमेला, जिथून माझा वारा येणार होता तिथे, एका लूमच्या खात्याची पाठ. सुरतेत कारखान्याला खातं म्हणतात. त्या पाठीच्या भिंतीत ओळीने मोठे पंखे बसवलेले, आतली गरम हवा बाहेर फेकणारे. नकाशावर ती भिंत एक रेघ होती. फोटोत ती आलीच नव्हती.

मी उदबत्ती पेटवून धरली. वारा कळायला याहून सोपं साधन नाही. धूर पूर्वेकडे वाकला, म्हणजे वारा पश्चिमेकडूनच होता, माझा अंदाज खरा होता. पण वाऱ्याबरोबर भट्टीसारखी धग आली. मी पांढरा रुमाल पसरून ठेवला तर अर्ध्या तासात त्यावर धाग्यांच्या बारीक कचऱ्याचा थर बसला. मी काढलेल्या सगळ्या खिडक्या त्या पंख्यांच्या समोर होत्या. कोल्हापुरात ज्या आराखड्याचा मला अभिमान वाटत होता, तो बांधला असता तर लोकांनी पहिल्याच महिन्यात त्या खिडक्या विटांनी बुजवल्या असत्या.  हर्षदाने नळकांड्याचं झाकण लावून टाकलं.

मला शरम वाटली. सव्वीस वर्षं मी मुलांना जागा बघा, जागा बघा म्हणून सांगत आले आहे.

मी घामाने निथळत उभी होते तेवढ्यात कुणीतरी हाक मारली. बोळात चारपाच बायका बसल्या होत्या. लीलाबाईही त्यांच्यात होत्या. मांडीवर साड्यांच्या घड्या, हातात सुया. त्यांनी सरकून जागा केली.

"आठे बस माय, आठे वारा शे," लीलाबाई म्हणाल्या.

मी बसले. आणि खरंच तिथे वारा होता. पूर्वेच्या उंच घराची सावली, दक्षिणेकडे मोकळं तोंड, म्हणून खाडीवरून येणारी हवा त्या चिंचोळ्या जागेत शिरून जोर धरत होती. तिला खाडीचा वासही होता, पण कुणाची तक्रार नव्हती. भर बाराच्या सुमाराला थोडा वेळ ऊन डोक्यावर येतं, तेवढं सोडलं तर दिवसभर तिथे सावली. बायका म्हणाल्या, आम्ही इतकी वर्षं इथेच बसतो. माझ्या आराखड्यात तो बोळ कचऱ्याचे डबे ठेवायला होता.

कोकिलाबेनचा टांका

हर्षदाला माझा चेहरा बघवेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला जुन्या शहरात घेऊन गेली. आधी लोचो खायला घातला. डाळीच्या पिठाचा हा वाफाळता लगदा, त्यावर तेल, शेव, कांदा. खमण बिघडलं त्यातून हा पदार्थ निघाला असं म्हणतात. बिघडलेल्या वस्तूला एवढ्या आदराने विकणारं गाव मला एकदम आवडलं. हिरवी मिरची वेगळी मागितली तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

मग आम्ही कोकिलाबेन यांच्याकडे गेलो. हर्षदाच्या कार्यालयाने त्यांच्या घराची मोजमापं घेतली होती, तेव्हापासून ओळख. ऐंशीच्या पुढे वय, एकट्या राहतात. घर तेच, अरुंद आणि खोल, गोडादऱ्यातल्या पट्ट्यांसारखंच. पण पुढे लाकडी कोरीव खांबांचा ओटला, मग बैठक, मग आभाळाला उघडा चौक, आणि त्याच्या मागे स्वयंपाकघर. बाहेर रस्ता तापला होता आणि चौकात पाय ठेवताच डोळ्यांवरून कुणी गार हात फिरवावा तसं झालं. चौकाच्या फरशीखाली टांका आहे, म्हणजे पावसाचं पाणी साठवायची खोल टाकी. छपरावरचं पाणी नळाने तिच्यात उतरतं. कोकिलाबेननी झाकण सरकवून पोहऱ्याने पाणी काढलं आणि आम्हाला दिलं. आमच्या पंचगंगेच्या गावात पाण्याला कुणी असं जपत नाही.

मी त्यांना खिडक्यांविषयी विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पवनने रस्तो जोईए, बेन. एकली बारीथी शुं थाय?" वाऱ्याला वाट लागते, नुसत्या खिडकीने काय होणार. मग त्यांनी मला ओटल्यापासून मागच्या दारापर्यंत चालवत नेलं. एकासमोर एक सात दारं. सगळी उघडी.

परतताना पर्वत पाटिया या खाडीलगतच्या भागात उतरलो. हर्षदाला मला आणखी एक गोष्ट दाखवायची होती. खाडीकाठच्या घरांत विजेची बटणं छातीच्या उंचीला बसवलेली आहेत. शेगडीचा कट्टा उंच, कपाटं विटांच्या चौथऱ्यावर. पावसाळ्यात खाडी फुगली की पाणी घरात येतं, म्हणून. एका किराणा दुकानदाराने भिंतीवरचा डाग दाखवला आणि शांतपणे सांगितलं की पिठाची पोती त्या डागाच्या वरच्या फळीवर असतात. कुणी आर्किटेक्टने हे सांगितलेलं नाही. लोकांनी एकमेकांचं बघून केलं आहे. मी वहीत ती उंची मोजून लिहून घेतली.

हिरामणभाऊंचं म्हणणं

पुढचे तीन दिवस मी बोळात बसूनच नवा आराखडा काढला. बायका काम करायच्या, मी रेघा मारायचे. बांधकामाला किसनमिस्त्री ठरले होते, हिंगोलीकडचे, वीस वर्षं सुरतेत. ते रोज डोकावून जायचे. गच्चीवर पांढऱ्या फुटक्या फरश्यांचे तुकडे बसवावेत हे त्यांनीच सुचवलं. ऊन परत फेकलं जातं, आणि टाइल्सच्या दुकानांबाहेर तुकड्यांचे ढीग पडलेले असतात, कुणीही देतं.

हिरामणभाऊंशी मात्र बोलणं झालं नव्हतं. मी जागी असताना ते झोपलेले असायचे. सहाव्या दिवशी संध्याकाळी ते कामाला निघण्याआधी चहाला बसले होते तेव्हा मी त्यांना आराखडा दाखवला. ते फार कमी बोलतात. बराच वेळ कागद बघून त्यांनी विचारलं, इथे दिवसा निजता येईल का?

मंडळाच्या इमारतीत दिवसा कोण झोपेल, असं मी म्हणून गेले. तेव्हा त्यांनी सांगितलं. गल्लीत निम्मे पुरुष रातपाळीला असतात. काहींच्या खोल्यांत दहा-दहा जण, पाळीपाळीने एकाच जागेवर झोपणारे, गावाकडून एकटे आलेले. सकाळी आठला येऊन पडतात आणि अकराला पत्रा तापला की उठून बसतात. तीन तासांच्या झोपेवर परत बारा तास लूमपुढे उभं राहायचं. डुलकी लागून हात यंत्रात गेलेली माणसं त्यांना माहीत होती. त्यांनी नावं सांगितली.

मी विचारलं, खात्याच्या आवाजाने झोप येईल का? ते म्हणाले, आवाजाचं काही नाही, लूम बंद पडले की जाग येते. आणखी काय हवं, तर म्हणाले, उजेड नको.

मी आयुष्यात काढलेल्या प्रत्येक घराला भरपूर उजेड दिला आहे. ही मागणी मला पहिल्यांदाच ऐकू आली. मी खालचा सगळा मजला पुन्हा आखला. पश्चिमेची भिंत पूर्ण बंद आणि दुहेरी, तिला लागून न्हाणीघर आणि सामानाच्या खोल्या, म्हणजे धग तिथेच अडेल. बोळ आमच्या बाजूने आणखी दोन फुटांनी रुंद केला आणि त्याला लांबच लांब ओटा दिला, बायकांसाठी. जोतं खाडीच्या पाण्याच्या वर. मधली खोली लांब, अंधारी, आणि बोळातली हवा खालच्या जाळ्यांतून आत शिरून छताजवळच्या झरोक्यांतून बाहेर पडेल अशी. लग्नाचा हॉल वर, म्हणजे ऊन त्याने झेलावं.

बैठक

रविवारी संध्याकाळी मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष आप्पा, सत्तरीचे, स्वतः लूमवर आयुष्य काढलेले. मी समजावत होते ते त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले की ताई, तुमचं शिक्षण मोठं आहे, पण आम्हाला हे नको.

"आम्ही सगळा जन्म पत्र्याखाली काढला," ते म्हणाले. "आता पाहुणे आले, सोयरीक जमवायला लोक आले, तर त्यांना आमची इमारत रिंग रोडच्या कापड मार्केटसारखी दिसली पाहिजे. काच पाहिजे, एसी पाहिजे. झोपायला धर्मशाळा बांधायची असती तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

त्यांचं खोटं नव्हतं. एवढी वर्षं खाली मान घालून राबलेल्या माणसाने पुढच्या दर्शनी भागाचा हट्ट धरला तर त्याला धग आणि वारा काय सांगायचा. हर्षदा बोलायला उठली तर दोघातिघांनी तिला बसवलं. बैठक संपल्यातच जमा होती.

तेव्हा मागच्या बाजूला उभे असलेले हिरामणभाऊ बोलले. त्या दिवशी त्यांनी पाळी बदलून घेतली होती, हे मला नंतर कळलं.

"आप्पा, लगीन वरीसमा चार व्हतीन. मी ते रोज दिनले जपस."

मला अर्थ लागेना. लग्नं वर्षात चार होतील हे कळलं, पण ते दिवसा रोज काय जपतात? हर्षदा माझ्या कानाशी लागली. अहिराणीत झोपण्याला जपणं म्हणतात.

 मग मागून एक जण म्हणाला, मीही. आणखी एकाने हात वर केला, मग पुष्कळांनी. आप्पा त्या हातांकडे बघत राहिले. ते स्वतः तीस वर्षं रातपाळीला होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला विचारलं की काच अजिबातच चालणार नाही का.

मी म्हटलं, उत्तरेला चालेल. गल्लीच्या बाजूला ऊन फार येत नाही, वर छज्जा देऊ. जिन्याला पूर्ण दोन मजले काच, त्यावर मंडळाचं नाव स्टीलच्या अक्षरांत. आप्पा म्हणाले, अक्षरं मोठी पाहिजेत. मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तेवढी. वरच्या हॉलला एसीची जागा ठेवायचंही मी कबूल केलं. मला ते पटलं नव्हतं, अजूनही पटत नाही. पण बैठक तिथे मिटली आणि लीलाबाईंनी सगळ्यांना आमरस वाढला.

पुढच्या वर्षीचा मे

बांधकाम हर्षदाने आणि किसनमिस्त्रींनी पुरं केलं. पावसाळ्यात खाडी फुगली तेव्हा नुसतं जोतं उभं होतं. पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत येऊन उतरल्याचं हर्षदाने कळवलं. उद्‌घाटनाला मला जमलं नाही, कॉलेजच्या परीक्षा होत्या. मी गेले ती मेच्या मध्यावर, कुणाला न कळवता. हर्षदा कामावर असणार, आधी एकटीने इमारत बघावी असं मनात होतं.

दुपारचे दोन वाजले होते. काचेचा जिना लांबूनच चमकला, त्यावरची अक्षरं खरोखरच फार मोठी होती. पायऱ्यांवर चपलांच्या रांगा. मी चपला काढून दाराशी गेले तर ओट्यावर बसलेली एक बाई चटकन उठून आडवी आली. मी तिला ओळखत नव्हते, तीही मला ओळखत नव्हती. बोलण्यावरून परभणी-हिंगोलीकडची वाटली.

"आत जायचं नाही ताई," ती कुजबुजत म्हणाली. "समदे झोपलेत. पाचला उठतील."

मी सांगणार होते की ही इमारत मी काढली आहे. दाराच्या फटीतून गार अंधार दिसत होता, आणि त्यात एक उघडा पाय, टाच वर केलेला. माझ्या जाळ्या, झरोके, दुहेरी भिंत, सगळं त्या अंधारात होतं. पण बाई दारातून हलेना. पश्चिमेकडे लूम चालूच होते.

मी बोळात जाऊन ओट्यावर बसले. तिने मला पाणी आणून दिलं आणि विचारलं, कुणाकडे आलात? मी म्हटलं, असंच, बघायला. ती म्हणाली, मग बसा पाचपर्यंत, इथं बरं वाटतं.